माझ्या नावानं गेलेले निरोप

प्रिय खटपट्या,

पाकीट उलटंसुलटं करून बघितलंस ना, कोणाचं म्हणून? माझंच आहे. पत्ता दोनदा खोडून लिहिलाय, हाताची सवय गेली. तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. रुसले म्हणून नव्हे. फोनवर तू मला अडवत नाहीस, पण मी अर्धं वाक्य बोलले की उरलेल्या अर्ध्याचं उत्तर तुझ्याकडे तयार असतं, आणि मग मलाच वाटायला लागतं की आपलंच कुठेतरी चुकतंय. लहानपणीही तू असाच होतास. घरातला रेडिओ उघडून बसायचास, आई ओरडायला यायची आणि तिनं तोंड उघडायच्या आत तू म्हणायचास, "चालू होईल, चालू होईल." व्हायचाही चालू, फक्त एकाच वेळी दोन स्टेशनं लागायची. बातम्या सांगणारा माणूस गाणं म्हणतोय असं वाटायचं. आई हसून हसून खाली बसायची आणि ओरडायचं राहूनच जायचं. मला या वेळी काहीच राहू द्यायचं नाही, म्हणून कागद घेतला.

आधी दुकानाच्या बातम्या. खिडकीजवळचं टेबल आता कामाला असलेल्या दोघींपैकी थोरलीला दिलंय. तिचे डोळे माझ्याहून अधू, तिला उजेड हवा. धाकटी टोपाच्या जाळीवर केस गाठायला शिकली. पहिल्या आठवड्यात चक्क रडली होती, एकेक केस आकडीच्या सुईनं ओढायचा, गाठ मारायची, मग पुढचा, असं दिवसभर केलं तरी तळहाताएवढंसुद्धा भरत नाही म्हणून. आता गुणगुणत करते. लाकडी डोक्यांना तिनं नावं ठेवलीत. त्यातल्या एका रुंद कपाळाच्या डोक्याला ती तुझ्या नावानं हाक मारते, मी काही बोलत नाही. आरशावरचा पडदा जुना झाला होता, तोही नवा शिवला. समोर बसलेलं माणूस आपणहून म्हणेपर्यंत तो सरकवायचा नाही, हे दोघींच्याही अंगवळणी पडलंय. आणि या दोघींना मी कामाला ठेवू शकले ती तुझ्यामुळे, हे मी विसरलेले नाही. पुढचं वाचताना तूही हे लक्षात ठेव.

तू पहिल्यांदा लॅपटॉप घेऊन दुकानात आलास तो दिवस मला अजून दिसतो. दुकान बंद करायचं माझ्या मनात जवळजवळ ठरलं होतं. केसांचे तयार टोप खोक्यातून घरपोच मिळायला लागले होते. डोक्याचं माप देऊन महिना-दीड महिना थांबायला कोणाला सवड नव्हती. तू लाकडी डोकी बाजूला सारलीस, त्यांच्या मधोमध लॅपटॉप मांडलास आणि म्हणालास, "ताई, तुझं अकाउंट म्हणजे दार लावून घेतलेलं दुकान आहे. आता ते स्वतः लोकांच्या दारात जाईल." मग तू मला समजावलंस. केस गळण्याबद्दल, उपचारांबद्दल कोणी काही लिहिलं, फोटो टाकला, की तू बनवलेलं यंत्र त्यांना शोधणार, माझ्या नावानं फॉलो करणार, फोटो लाइक करणार, खाली दोन गोड शब्द लिहिणार. त्यांनी उलट आपल्याला फॉलो केलं की मेसेज पाठवणार आणि मग रोज सकाळी एक पाठवत राहणार. त्यांनी काही लिहिलं तर त्यालाही उत्तर देणार. जे फिरकणार नाहीत, मुके राहतील, त्यांना काही दिवसांनी सोडून देणार, म्हणजे नव्यांना जागा. मी विचारलं, "आणि एवढं सगळं करणार कोण?" तू म्हणालास, "कोणीच नाही!" इतक्या आनंदानं म्हणालास की मीही हसले. वाक्यं काय घालायची ते तू मला विचारलंस. मी म्हटलं, माझं डोकं त्यात चालत नाही, मी दुसऱ्यांची डोकी झाकणारी बाई. "तू टोप विण ताई, बाकीचं मी बघतो." तुझ्या बाहीला कोणाचेतरी लांब केस चिकटले होते आणि तुझ्या बायकोनं ते पाहिले तर तू काय सांगशील, यावरून आपण बराच वेळ हसत होतो.

आणि चाललं रे सगळं. पोराचा ताप सांगावा तसा तू रोज फोन करून फॉलोअर्सचा आकडा सांगायचास, फक्त हा ताप चढला की आपण खूश. दुकानाच्या जिन्यावर पावलं वाजायला लागली. लांबलांबून माणसं यायची आणि आल्याआल्या म्हणायची, तुम्ही फार आपुलकीनं लिहिता हो. मी मान डोलवायची. मला वाटायचं, फोटोंखाली जे दोन शब्द जातात त्याबद्दल बोलताहेत. चार चांगले शब्द कोणीही लिहितं, त्यात काय एवढं. मलाही आकड्याची गोडी लागली होती, हे कबूल करते. सकाळी कुलूप काढलं की धाकटीला पहिलं तेच विचारायची. ती मोबाइल उघडून सांगायची आणि मग आमचा चहा व्हायचा.

मग त्या बाई आल्या. शाळेत भूगोल शिकवतात, म्हणून आम्ही त्यांना बाईच म्हणतो. डोक्याला घट्ट रुमाल, हातात वह्यांची पिशवी, चेहरा पिवळट पडलेला. जिना चढून दम लागला होता. दारात थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि एकदम पुढे येऊन माझे दोन्ही हात धरले. "भेटलो एकदाचे," म्हणाल्या. मी म्हटलं, बसा. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कोणाला भेटल्यासारखं करताहेत, उपचारांनी कधीकधी माणूस गोंधळतं. पण त्या मला चांगल्याच ओळखत होत्या. खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच रुमाल सोडला. पहिल्या भेटीत कोणी असं करत नाही, तुला माहीत आहे, रुमाल सोडायलाच पाऊण तास जातो. म्हणाल्या, "तुमच्यापुढे कसली लाज? नवऱ्याला सांगितलं नाही ते तुम्हाला लिहिलंय." मी हातात टेप घेऊन उभी. त्या बोलत राहिल्या. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी माझा मेसेज वाचतात. औषध चढवल्यानंतरचे दिवस कसे काढले असते कोण जाणे. आणि मग माझ्याकडे बघून, पाठ असलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाल्या, "आज काही ठरवायचं नाही. आज फक्त दुपारपर्यंत पोचायचं."

खटपट्या, टेप माझ्या हातातून खाली पडली. ते वाक्य मी कुठेही लिहिलं नव्हतं. मी ते फक्त एका माणसाला म्हणायची. नाटकांचे टोप करणारी मी, आजारी माणसासाठी पहिला टोप केला तो आईचा, आणि ती तो घालायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची. मी तिच्या पायाशी बसून तळवे चोळत तेवढंच म्हणायची, कारण दुसरं काही सुचायचं नाही. दुपार झाली की म्हणायची, पोचलो बघ. मग संध्याकाळपर्यंतचं बघू. त्या खोलीत आम्ही दोघीच असायचो. निदान मला तसं वाटत होतं.

मी टेप उचलली आणि माप घ्यायला लागले. कपाळापासून मानेपर्यंत, कानापासून कानापर्यंत. बाईंचं उघडं डोकं माझ्या दोन्ही हातांत होतं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. गेल्या कितीतरी दिवसांत इतकं निवांत वाटलं नव्हतं म्हणाल्या. त्या क्षणी काय सांगायचं होतं मी? ते मी नव्हते म्हणून? धाकटी माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. जाताना बाईंनी पुन्हा हात धरले. "उद्या सकाळी लिहालच," म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेसेज गेला. मी दुकानात येऊन कुलूप काढेपर्यंत तो जाऊनही झाला होता.

त्या दिवशी मी दोघींना सांगितलं, आज सुई नको. धाकटीनं मोबाइल माझ्या हातात दिला, कुठे बोट ठेवायचं ते दाखवलं आणि मी वाचायला बसले. तू ते कधी वाचलंयस का? मी फोनवर विचारलं होतं तेव्हा तू म्हणालास, "सगळं कसं वाचणार ताई, मी वरवर नजर टाकतो." मी वाचलं. दिवसभर वाचलं, दुसऱ्या दिवशीही. सगळं अजून झालेलं नाही. माणसं काय काय लिहितात रे. एकीनं लिहिलं होतं की नवरा आता खोलीत येताना दार वाजवून येतो, आधी असं करत नव्हता. त्यावर माझ्या नावानं लाल बदामांची दोन चित्रं गेली आणि "तुम्ही फार धीराच्या आहात." कॉलेजातल्या एका मुलीनं गळलेली वेणी रिबिनीसकट उशाला ठेवलेली, तिचा फोटो पाठवला होता. तिलाही धीराच्या आहात. तेच वाक्य, मधे एक फूल जास्त. एका माणसानं बायको गेल्याचं लिहून तिचा जुना फोटो टाकला होता, आणि त्याखाली मी, म्हणजे आपलं दुकान, लिहितंय की केस किती सुंदर, असेच हवेत तर आमच्याकडे या. त्याखाली त्याच्या मुलीनं लिहिलंय, तुम्हाला काही वाटतं का? तिलाही एक बदाम गेला.

आणखी एक आहे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिल्या मेसेजनंतर लगेच उत्तर दिलं नाही. त्यांना टाइप करायला वेळ लागत असावा. त्यांनी चांगलं मोठं लिहिलं, विचारलं, सल्ला मागितला, पण तोवर यंत्राच्या हिशेबानं ते मुके ठरले होते. त्यांना सोडून दिलं होतं. त्यांचं शेवटचं वाक्य आहे, "म्हणजे तुम्हीही गेलात." त्यावर पुढे काहीच नाही.

आणि एकीनं लिहिलं होतं की आता पुरे झालं, पुढे ढकलत राहायची ताकद उरली नाही. माझ्या नावानं तिला उत्तर गेलं, "वा! असंच लिहीत राहा. आमचे नवे टोप पाहिलेत का?" मी हे वाचलं तेव्हा थोरलीनं मला पाणी आणून दिलं. मी लगेच माझ्या बोटानं तिला लिहिलं, चुका करत, की मी खरी आहे, दुकानाचा नंबर देते, कधीही फोन करा. मग जवळच्या माणसांपैकी कोणी तिच्या फोटोंखाली दिसतं का ते धाकटीनं शोधलं, त्यांनाही लिहिलं. अजून उत्तर आलेलं नाही. ती तिथे लिहायचीच बंद झालीये, की तिनं माझ्यावर चिडून मोबाइल बाजूला ठेवलाय, की काय झालंय, मला माहीत नाही. दुकानाचा फोन वाजला की मी अजून दचकते. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही आणि जाऊही नये.

त्यानंतर मी तुला फोन केला होता, तुला आठवत असेल. माझा आवाज चढला होता. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालास, "ताई, अशा केसेस थोड्याच असतात. मी त्यात काही शब्द घालून ठेवतो. तसं काही कोणी लिहिलं की ते गप्प बसेल." गप्प बसेल! मी म्हटलं, अरे, तिनं लिहिलं तेव्हा कोणीतरी बोलायला हवं होतं. तू म्हणालास, "मग बोलायला लावतो." मी डोक्याला हात लावला. मग मी ते दुपारचं वाक्य विचारलं. तू म्हणालास, "मी दाराबाहेर उभा असायचो. आत यायचो नाही, पण असायचो. तू आईला जे म्हणायचीस ते सगळं मला पाठ आहे. मला दुसरं काय येत होतं ताई, लोकांना धीर द्यायचा म्हणजे?" आणि वर म्हणालास, "तुझे शब्द वाया गेले होते. आई एकटीच ऐकत होती."

तेव्हा माझा राग कुठल्याकुठे गेला. आमचा लहानगा दाराबाहेर पाय दुखेपर्यंत उभा आहे आणि आपण आत बसलोय, आपल्याला पत्ताच नाही, हेच डोळ्यांपुढे येत राहिलं. आई दोन-दोनदा विचारायची, खटपट्या कुठेय? मी सांगायची, गावभर फिरत असेल. मी तिला खोटी माहिती देत होते आणि तू चार पावलांवर होतास! पण आता उत्तर देते. आई एकटीच ऐकत होती, म्हणजे वाया कसं गेलं रे? ती ऐकत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलायची. ज्या दिवशी तिला ते वाक्य नको असायचं, त्या दिवशी मी ते म्हणायची नाही, नुसते तळवे चोळायची. एकदा तर तिनं मला सांगितलं, तुझ्या त्या दुपारीला आग लाव. मग आम्ही दोघी हसलो आणि त्या दिवशी दुसरंच काहीतरी बोललो, शेजारणीच्या मांजराबद्दल बहुतेक. तू बाहेर शब्द ऐकत होतास, ते सगळे बरोबर ऐकलेस. मी न बोलता बसायची, ते तुला दाराबाहेर कसं ऐकू येणार?

बाई दुसऱ्यांदा आल्या त्या जाळी घालून बघायला. मी दोघींना बाहेर जायला सांगितलं आणि त्यांना सगळं सांगितलं. यंत्र, वाक्यं, रोजची सकाळ. तुझं नाव घेतलं नाही, घरचंच माणूस म्हटलं. मला वाटलं होतं रडतील किंवा ओरडतील. त्या जाळी डोक्यावर तशीच ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी रोज सकाळी कोणाशी बोलत होते?" मी म्हटलं, कोणाशीच नाही. कोणीच नाही, हा तुझा शब्द तेव्हा माझ्या तोंडून कसा निघाला ते मलाच माहीत. त्या म्हणाल्या, "मी वर्गात पोरांना सांगते, उत्तरं पाठ करून लिहू नका, मला लगेच कळतं. आणि मला कळलं नाही." त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं. मग जाळी काढून त्यांनी नीट माझ्या हातात दिली, रुमाल बांधला, पिशवी उचलली. दारात वळून एवढंच म्हणाल्या, "ते माझ्या मुलाबद्दल लिहिलेलं तरी तुमच्या मोबाइलमधून काढून टाका." मी धाकटीला आत बोलावून ते त्यांच्यासमोर काढून टाकलं.

मला वाटलं, आता या काही येत नाहीत. टोप तरीही पूर्ण केला. थोरली म्हणाली, कशाला, मोजून घेतलेलं डोकं आहे, दुसऱ्या कोणाला बसणार नाही. मी म्हटलं, हात थांबत नाहीत. भांगाच्या जागी केस जरा विरळ गाठले, आपले असतात तसे. लाकडी डोक्यावर तो बरेच दिवस खिडकीशी उभा होता. मग एका दुपारी शाळा सुटल्यावर बाई आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "टोप न्यायला आलेय. माफ करायला नाही." मी म्हटलं, बरं. टोप चढवला, मागची कड बसवली, दोन बटा कापल्या. त्यांनीच पडदा सरकवला. आरशात बघत बघत एकदम विचारलं, "तुमची आई पोचायची का दुपारपर्यंत?" मी म्हटलं, बहुतेक दिवस पोचायची. त्यांनी मान हलवली. निघताना माझा हात धरला नाही, पण जिन्यातून वळून बघितलं. आता अधूनमधून टोपाची निगा करायला येतात. यंत्राचा विषय त्या काढत नाहीत, मीही काढत नाही. उपचार अजून चालू आहेत.

मी तुला यंत्र बंद कर म्हणाले होते. तू म्हणालास, "थोडं थांब, आत्ता नको, आकडा पडलेला दिसायला नको. का ते नंतर सांगतो." मी थांबले नाही. धाकटीला बसवून अकाउंटचा पासवर्ड बदलला आणि तुझं ते यंत्र तिथून काढून टाकलं. तुझ्या लक्षात आलंच असेल. तिथे एक साधी सूचना टाकली की आजवरचे मेसेज आपोआप जात होते, यापुढे मी स्वतः लिहीन, उत्तराला वेळ लागेल. बरेच लोक सोडून गेले. काहींनी असं लिहिलं की मी ते तुला सांगणार नाही. जिन्यावरची पावलंही कमी झाली आहेत, थोरली काळजीत आहे, ती बोलून दाखवत नाही पण सुई ठेवताना जरा जोरात ठेवते. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी एका बोटानं उत्तरं लिहिते. दोन-तीन होतात, कधी एकच. ते म्हातारे गृहस्थ परत आले, त्यांना पत्नीसाठी टोप हवाय. आणि एका बाईंनी मला काय कळवलं असेल? "आधी तुम्ही जास्त छान लिहायचात." धाकटी टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मीही हसले, मग मला हसू येईना.

आता ज्याच्यासाठी हा कागद घेतला ते. तुझा मेसेज मिळाला. आईचे उपचार झाले त्याच हॉस्पिटलनं तुझ्या यंत्रात रस घेतलाय, त्यांच्या सगळ्या पेशंटांना ते सकाळ-संध्याकाळ धीर देणार, आणि तुझी नवी कंपनी त्यावर उभी राहणार. त्यांची एक अधिकारी बाई पुढच्या आठवड्यात आपल्या दुकानात येणार आहे, कारण तू त्यांना आपलंच उदाहरण दिलंयस, आणि मी फक्त दोन चांगले शब्द बोलायचे आहेत. तू नोकरी सोडलीस, घर त्याच्या भरवशावर आहे, तुझ्या बायकोनं मला वेगळा फोन करून सांगितलं की ताई, सगळं तुमच्या हातात आहे. मला कळतं. त्या अधिकारी बाई आल्या की मी त्यांना सांगणार आहे की या यंत्रानं माझं दुकान वाचवलं, कारण ते खरं आहे. आणि मग बाकीचं सगळंही सांगणार आहे. शाळेच्या बाईंचं, त्या गृहस्थांचं, आणि जिचं उत्तर आलं नाही तिचं. मोबाइल त्यांच्यापुढे ठेवून, नावं झाकून, वाचून दाखवणार आहे. मग तुझं जमेल असं मला वाटत नाही. माझ्या भावाच्या पोटावर मी पाय देतेय, हे मला लिहितानाही दिसतंय, आणि तरी माझा विचार बदलत नाही. तुला हे त्या अधिकारी बाईंच्या तोंडून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून आधी तुला लिहिलं. तू चिडणार. चीड. वाट्टेल ते बोल, शिव्या दे, महिनाभर बोलू नकोस. फक्त जे काही लिहिशील ते तू स्वतः लिही. तुझ्या वाकड्या अक्षरात चार वाईट शब्द आले तरी मला चालतील.

तुझीच, कितीही रागावलास तरी,
ताई